मान धरणे : अर्भकाच्या पहिल्या स्वाधीन हालचालीविषयी

अर्भकांस भाषेतील ध्वनींचे भेद कितपत कळतात याविषयी आज आपणांस जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा बराच मोठा भाग अशा प्रयोगांवर आधारलेला आहे की ज्यांत उत्तर देण्याचे काम अर्भकाची मान करीत असते. सहा-सात महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर बसलेले असते. एका बाजूच्या ध्वनिक्षेपकातून एकच अक्षर पुनःपुन्हा ऐकू येत असते. मध्येच ते अक्षर बदलते, आणि त्या क्षणी मुलाने मान वळवून तिकडे पाहिले तर काळसर पेटीतील खेळणे उजळून हालू लागते. असे काही वेळा घडले की मूल ही गंमत ओळखते. अक्षर बदलताच मान वळवते, न बदलल्यास वळवीत नाही. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच पद्धतीचा होता. हिंदीतील मूर्धन्य ट व दंत्य त यांच्यातील भेद इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांस ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फार थोड्यांस तो ओळखता आला. हिंदीभाषक घरांतील तितक्याच वयाच्या मुलांनी मात्र तो गमावला नव्हता. आपल्या 'ताक' आणि 'टाक' यांतील हाच भेद असल्यामुळे या प्रयोगाचा उल्लेख आपल्या वर्गांत वारंवार होतो.

परंतु एक गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. ही पद्धत साधारणतः साडेपाच-सहा महिन्यांच्या अलीकडे वापरता येत नाही. त्याहून लहान मुलांसाठी चोखण्याच्या गतीचे मापन करावे लागते; पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली एक व चार महिन्यांच्या मुलांवर केलेले प्रसिद्ध प्रयोग त्या प्रकारचे आहेत. याचे कारण शोधू गेल्यास ते भाषेत नाही, श्रवणात तर नाहीच नाही. ते मुख्यतः मानेत आहे. ज्या मुलास डोके उभे धरून हवे तेव्हा, हवे तिकडे, झटकन वळवता येत नाही, त्याला या परीक्षेत उत्तरच देता येत नाही. म्हणून बालभाषेच्या अभ्यासकाने मानेचे शास्त्र थोडेतरी जाणून घेतले पाहिजे. त्याखेरीज दुसरेही एक कारण आहे. क्षेत्रकार्यासाठी आपले विद्यार्थी घराघरांत जातात, तेव्हा माउली त्यांस ध्वनिविचाराविषयी विचारीत नाही, ती विचारते, "आमच्या बाळाने अजून मान धरली नाही, काही वावगे तर नसेल ना?" या प्रश्नाला बेफिकीर उत्तर देणे आणि घाबरवून सोडणारे उत्तर देणे, दोन्ही वाईट. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोहोंच्या मधली वाट दाखविण्याचा आहे. तो वैद्याचा सल्ला नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'मान' हा स्त्रीलिंगी शब्द संस्कृत 'मन्या' या शब्दापासून आलेला आहे. मन्या म्हणजे मानेचा मागील भाग, तेथील शिरा-स्नायू. आयुर्वेदातील 'मन्यास्तंभ' या रोगनामात तो शब्द आजही जिवंत आहे. 'तो मान' म्हणजे आदर, हा शब्द वेगळा व निराळ्या कुळातला. ध्वनिसाम्यामुळे दोहोंची गल्लत करू नये. 'मान धरणे' या प्रयोगातील 'धरणे' हे क्रियापद मात्र विशेष लक्ष देण्याजोगे आहे. 'त्याने चोराची मान धरली' यात धरणारा एक, मान दुसऱ्याची. 'बाळाने मान धरली' यात षष्ठीचा प्रत्यय लागतच नाही. मान कोणाची हे सांगावे लागत नाही. हे 'धरणे' पकडण्याचे नव्हे. झाडाने मूळ धरले, आंब्याने मोहोर धरला, बाळाने बाळसे धरले, या वाक्यांच्या पंक्तीत ते बसते. वाढीच्या ओघात एखादी गोष्ट अंगी येऊन स्थिरावणे असा त्याचा अर्थ आहे. तरीही भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद मानेप्रमाणे स्त्रीलिंगी होते. म्हणजे व्याकरणदृष्ट्या कर्तृत्व बाळाकडेच राहते.

याहून लक्षणीय गोष्ट प्रयोजक रूपांची आहे. आपण बाळाला निजवतो, बसवतो, चालवतो, बोलते करतो. परंतु 'मान धरवणे' असे कोणी म्हणत नाही. ही पायरी अशी आहे की जिच्यासाठी मराठीने मोठ्या माणसाला कर्ता होऊ दिलेले नाही. यावरून शरीरशास्त्राचा सिद्धान्त काढू नये. भाषेतील रूढी हा निसर्गनियमाचा पुरावा नव्हे, आणि असा मोह आमच्या शास्त्रातील भल्याभल्यांस झालेला आहे. तथापि या ठिकाणी रूढी आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बराच चांगला बसतो, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

नवजात अर्भकाच्या डोक्याची उंची त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढ माणसात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शाचे असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारणपणे ३३ ते ३५ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या घेराहूनही किंचित अधिक असतो. हे एवढे ओझे ज्या मानेने पेलायचे ती आखूड, आणि तिचे स्नायू दुबळे. गर्भाशयात बाळ अंग मुडपून, हनुवटी छातीशी घेऊन पडून होते. तेथे भोवतालच्या पाण्याने डोक्याचा भार हलका केला होता. बाहेर येताच गुरुत्वाकर्षणाशी गाठ पडते. पाठीच्या कण्याचा मानेतील भाग प्रौढात पुढच्या बाजूस बाकदार असतो; हा बाक ठळक होतो तो मूल डोके वर उचलू लागल्यानंतरच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मान धरणे म्हणजे मानेच्या मागील स्नायूंस बळ येणे एवढेच नव्हे. मागचे स्नायू डोके उचलतात, पुढचे ते मागे कोसळू देत नाहीत, आणि कानामागून उरोस्थीपर्यंत तिरके उतरणारे दोन बाजूंचे दोन स्नायू ते वळवतात व मध्यावर ठेवतात. या सर्वांनी एकाच वेळी, परस्परांस तोलून धरण्याइतकेच आकुंचन पावावे लागते. त्यासाठी डोके कोणत्या कलात आहे ही बातमी मेंदूला सतत मिळत राहावी लागते. ती अंतर्कर्णातील तोलेंद्रियाकडून, डोळ्यांकडून आणि मानेच्या स्नायूसांध्यांतून येते. म्हणून मान धरणे ही बळाची गोष्ट आहे त्याहून अधिक समन्वयाची आहे. मूल डोके उचलते आणि ते डुगडुगते, तेव्हा ती केवळ अशक्तपणाची खूण नसते. तोल शोधणे चालू असते.

क्रम साधारणतः असा दिसतो. पहिल्या महिन्यात पालथे ठेवलेले बाळ क्षणभर हनुवटी उचलते आणि नाक मोकळे राहील एवढे डोके एका कुशीवर वळवते. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते पालथेपणी डोके वर धरू लागते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोपरांवर भार देऊन छातीही उचलते व समोर पाहते. चौथ्या महिन्याच्या सुमारास उभे धरले असता डोके आधारावाचून स्थिर राहते. उताणे असताना हात धरून हळूच उठवले तर पहिल्या महिन्यांत डोके मागे लोंबते. चार-पाच महिन्यांपर्यंत हे लोंबणे नाहीसे होते आणि मूल स्वतःच हनुवटी पुढे घेऊन येते. विकास डोक्याकडून पायाकडे जातो असे जे म्हणतात त्याचा हा आरंभ होय. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणावरून २००६ साली जी कारक विकासाची मानके प्रसिद्ध केली, त्या देशांत भारतही होता. त्या मानकांची पहिली पायरी आधारावाचून बसण्याची असून तिची कक्षा ३.८ ते ९.२ महिने इतकी रुंद आहे. म्हणजे निरोगी मुलांतच एवढे अंतर असते. शेजारच्या मुलाने अमुक महिन्यात अमुक केले, एवढ्यावरून मन लावून घेणाऱ्या आईस ही एक संख्या दाखवावी.

भारतीय मुलांची स्वतःची मानके तयार करण्याचे काम बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. नान्सी बेली यांच्या मापनश्रेणींचे भारतीय परिस्थितीत केलेले हे प्रमाणीकरण पुढे त्रिवेंद्रमच्या सोप्या तपासणी-तक्त्यासही आधारभूत ठरले. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी परदेशी तक्ते उतरवून घेण्यापूर्वी हे काम पाहावे.

ही क्षमता आपोआप पिकते की कमवावी लागते, हा जुना वाद आहे. आर्नल्ड गेझेल यांचा कल पिकण्याकडे होता. मज्जासंस्था तयार झाली की कृती प्रकट होते असे त्यांचे म्हणणे. मर्टल मॅग्रॉ यांनी १९३०-४० च्या दशकांत याच दृष्टीने बारकाईची निरीक्षणे केली, पण सरावाचे महत्त्व त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पुढे एस्थर थेलन यांनी एक मार्मिक गोष्ट दाखवली. उभे धरलेले नवजात बाळ पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि एक-दोन महिन्यांत ही हालचाल लोपते. मेंदू पक्व झाल्यामुळे ती लोपते असा समज होता. थेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांस कमरेपर्यंत कोमट पाण्यात धरले, तेव्हा लोपलेली पावले परत आली! पाय जड झाले होते, एवढेच. शरीराचे वजन, स्नायूंचे बळ, भोवतीची परिस्थिती आणि मेंदू या सर्वांच्या मिळून होणाऱ्या जुळणीतून हालचाल उद्भवते, असा त्यांचा निष्कर्ष. मानेच्या बाबतीतही मला हीच भूमिका ग्राह्य वाटते. पिकण्याची वाट पाहणे भागच आहे, परंतु पालथेपणाचा अनुभवच न मिळालेल्या मुलाची मान काय धरून पिकणार?

येथे गेल्या चाळीस वर्षांतील एका मोठ्या बदलाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्भकांस पालथे निजविण्याची चाल पडली होती आणि तिला डॉक्टरांचा पाठिंबाही होता. झोपेतच अकस्मात मृत्यू पावणाऱ्या अर्भकांत पालथ्या निजणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे हळूहळू उघड झाले. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९२ च्या शिफारशीनंतर १९९४ साली बाळास पाठीवर निजविण्याची मोहीम सुरू झाली, व अशा मृत्यूंची संख्या पुढील काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. वैद्यकातील इतके स्वस्त आणि इतके फलदायी उपाय थोडे असतील. परंतु या यशाची एक दुसरी बाजूही दिसू लागली. पाठीवर निजणारी मुले जागेपणीही पाठीवरच राहू लागली. मागून डोके चपटे होणे, एकाच बाजूस मान वळलेली राहणे, पालथेपणीच्या हालचाली उशिरा येणे, या तक्रारी वाढल्या. म्हणून आजचा सल्ला दुहेरी आहे : निजताना पाठीवर, जागेपणी पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार, ज्या मुलास अजून आपणहून सरकता येत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. या दोन अर्ध्यांपैकी दुसरा तेवढा लक्षात ठेवून पहिला विसरणे जिवावर बेतू शकते.

आता प्रत्यक्ष साहाय्याविषयी. आरंभ जन्मानंतर पहिल्या दिवसांपासूनच करता येतो आणि त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. आईने तक्क्याला रेलून बसावे व जागे असलेले बाळ छातीवर पालथे घ्यावे. आईचे अंग तिरके असल्यामुळे डोके उचलण्यास लागणारे बळ सपाट जमिनीपेक्षा कमी लागते. आणि उचलण्याचे कारणही समोरच असते, ते म्हणजे आईचा चेहरा. नवजात अर्भकास सुमारे २० ते ३० सेंटिमीटरांवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. त्याच अंतरावरून बोलावे. आईचा आवाज ते ओळखते, हे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० साली चोखण्याच्या पद्धतीने दाखविलेले आहे. पुढे बाळ जमिनीवर सतरंजीवर पालथे ठेवावे. गादी मऊ नसावी, तोंड रुतते. सुरुवातीस एक-दोन मिनिटे पुरे, दिवसातून दोन-तीनदा. लंगोट बदलला की एकदा, असा नेम ठेवल्यास विसर पडत नाही. दूध पाजल्यावर लगेच पालथे घालू नये. काही मुले आरंभी आकांत करतात. त्यांच्यासाठी पंचाची लहानशी गुंडाळी करून ती छातीखाली, काखांच्या रेषेत ठेवावी व हात तिच्यावरून पुढे काढावेत. स्वतः समोर पालथे पडून मुलाच्या नजरेच्या पातळीवर यावे. मोठ्या माणसांस हे अवघड वाटते, भावंडांस अतिशय आवडते.

बाळ थकले की डोके टेकवते. तेव्हा त्याला उचलावे. पालथेपणी झोप लागली तर हलकेच पाठीवर वळवावे. पालथे मूल एकटे सोडून क्षणभरही दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

मानेस व्यायाम पालथेपणातच मिळतो असे मात्र नाही. खांद्याशी उभे घेतलेल्या बाळाचे डोके मधूनमधून खांद्यावरून उठते व पुन्हा टेकते. हा उत्तम सराव होय. या वेळी आपला पंजा डोक्यामागे, न टेकवता पण तयारीत, असावा. आधार मूल जसजसे सांभाळील तसतसा कमी करावा : आधी डोके व मान, मग मान व खांदे, मग पाठ. पाळण्यात निजविताना डोके आज एका टोकाकडे, उद्या दुसऱ्या टोकाकडे ठेवावे. कारण मूल उजेडाकडे आणि माणसांच्या आवाजाकडे मान वळवते, आणि रोज एकच बाजू मिळाल्यास तीच बाजू कायमची होऊ पाहते. पाजताना व कडेवर घेतानाही बाजू बदलावी. हात धरून उठवून पाहणे ही डॉक्टरांची तपासणी आहे; ती घरी व्यायाम म्हणून करू नये.

आपल्याकडील जुन्या रीतींचा या दृष्टीने विचार केल्यास निवाडा एकसारखा देता येत नाही. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते आणि बाळास नडग्यांवर पालथे घेऊन तेल लावते, पाणी घालते. मराठी घरांतले मूल पाळण्यात उताणे असते खरे, परंतु रोज सकाळी काही मिनिटे त्याला अशा रीतीने पालथेपण मिळत आले आहे. ही चाल ज्या घरांतून गेली तेथे तिची ही बाजूही नकळत गेली. मात्र तेलाने मान 'घट्ट' होते हा समज खरा नव्हे. मान घट्ट होते ती तिने केलेल्या कामाने. न्हाऊ झाल्यावर बाळास पायांनी धरून उलटे लोंबकळवणे, दोन्ही हातांनी उचलून हिसके देणे, हे प्रकार कौशल्याचे म्हणून दाखविले जातात. ते तात्काळ थांबवावेत. मान न धरलेल्या मुलास हिसडल्याने किंवा गदागदा हलविल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रडणे थांबेना म्हणून चिडून हलवणे हाही त्यातलाच प्रकार. आजीबाईंस हे सांगताना विद्यार्थ्यांनी नम्रतेने सांगावे, पण सांगावे. डोके गोल राहावे म्हणून मोहरीची उशी देतात. पहिल्या वर्षात झोपेत कोणतीच उशी नको असे आजचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात. झोळीत मूल अंग मुडपून राहते, हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबू शकते. लहान महिन्यांत ती सावधपणे वापरावी, दीर्घकाळ तर नकोच. बाजारात मिळणाऱ्या निरनिराळ्या खुर्च्या व झोपाळे यांसही हेच लागू पडते.

रीतींचा परिणाम खरोखर किती होतो, याचे एक उदाहरण भाषेच्या अभ्यासकास विशेष रुचेल. केनियातील किप्सिगिस समाजात चार्ल्स सूपर यांनी केलेल्या अभ्यासात (१९७६) तेथील मुले अमेरिकन मुलांपेक्षा लवकर बसतात व चालतात असे आढळले. परंतु ही आघाडी सर्वत्र नव्हती. बसणे व चालणे या गोष्टी तेथील माता मुद्दाम शिकवतात, आणि त्या शिकविण्यास त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दही आहेत. ज्या शिकविल्या जात नाहीत, उदाहरणार्थ रांगणे, त्यांत आघाडी दिसली नाही. शब्द, रीत आणि शरीर यांचा असा त्रिकोण आपल्याकडील बोलींत कसा आहे, हे कोणी पाहिलेले माझ्या वाचनात नाही, एम.ए.च्या प्रबंधिकेस हा विषय पुरेल. काश्यपसंहितेत वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलाच्या 'फक्क' रोगाचे वर्णन आहे आणि त्यासाठी तीनचाकी गाडाही सांगितलेला आहे. चालण्याची चिंता आपल्याकडे किती जुनी आहे, ते यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे माउलीच्या शंकेकडे. प्रथम वय नीट मोजावे. ३२ आठवड्यांनी जन्मलेले मूल पूर्ण काळाच्या आठ आठवडे आधी आलेले असते. ते पाच महिन्यांचे झाले म्हणजे त्याच्याकडून तीन महिन्यांच्या मुलाएवढीच अपेक्षा करावी. असे वय मोजूनही चार महिने पूर्ण झाल्यावर उभे धरले असता डोके स्थिर राहत नसेल, तर वाट पाहत बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. त्याआधीही काही खुणा दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत : अंग चिंधीसारखे सैल असणे, किंवा उलट ताठ असून डोके मागे फेकले जाणे, मान नेहमी एकाच बाजूस कललेली असणे, मुठी सदा आवळलेल्या, दूध ओढताना दमणे. जन्मतः श्वास गुदमरलेली, तीव्र काविळीतून गेलेली, किंवा फार अपुऱ्या दिवसांची मुले यांच्या बाबतीत विशेष जागरूक राहावे, कारण मेंदूस इजा झालेली असल्यास ती पुष्कळदा प्रथम मानेतच दिसते. एका बाजूचा स्नायू आखडल्याने कललेली मान लवकर उपचार मिळाल्यास बहुधा व्यायामानेच सुधारते.

एक खूण मात्र तातडीची आहे. धरलेली मान मुलाने पुन्हा 'टाकली' असे आई म्हणाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यासोबत ताप असेल, टाळू फुगलेली असेल, मूल सुस्त किंवा किंचाळून रडणारे असेल, तर तासाचाही विलंब नको. 'मान टाकणे' हा शब्दप्रयोग आपण कोमेजलेल्या रोपाविषयी व मरणोन्मुख जनावराविषयी वापरतो. आई तो मुलाविषयी सहजासहजी वापरीत नाही.

खेड्यांतून दाखवावे कोणास, हा प्रश्न पूर्वी निरुत्तर करणारा होता. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी भेट देतात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील भेटींची जोड त्यांस मिळाली. विकासात मागे पडलेल्या मुलांची तपासणी व पुढील उपचार यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला असून त्याखाली जिल्हापातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आपल्या विद्यार्थ्याने एवढे जरी सांगितले, तरी भाषेचे नमुने घेऊन रिकाम्या हाती परतल्याचा दोष त्याला लागणार नाही.

मान सुटी झाली की मुलाच्या भाषिक जीवनात काय पालटते याचा विस्तार येथे करीत नाही. एवढेच नोंदवितो की आता मूल स्वतःच्या इच्छेने वळून पाहते, आणि काय पाहावे व केव्हा नजर काढून घ्यावी याची निवड प्रथमच त्याच्या हाती येते. स्केफ व ब्रूनर यांनी १९७५ साली, मोठे माणूस जिकडे पाहते तिकडे अर्भकेही मान वळवून पाहतात, हे दाखविले; एका वस्तूकडे दोघांनी मिळून पाहणे ही नामकरणाची पूर्वतयारी होय. नकार देताना आपण मान आडवी हलवतो, तिचे मूळ अन्न नाकारणाऱ्या अर्भकाने तोंड फिरविण्यात असावे असे डार्विनने १८७२ साली सुचविले होते. रने श्पिट्झ यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात स्तनाचा शोध घेताना होणाऱ्या डोक्याच्या हालचालीशी त्याचा संबंध जोडला. हे अनुमानच आहे. याकोबसन यांनी होकार-नकाराच्या खुणांचा विचार करताना निरनिराळ्या समाजांतील उलटसुलट रीती दाखवून दिल्या आहेत, त्या पाहता सावधगिरी बरी.

यंदा बालभाषेच्या सर्वेक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक मुलाच्या नोंदीत जन्मतारखेबरोबर गर्भावधीचे आठवडे लिहावेत. मान उभी धरता येते काय, दोन्ही बाजूंस सारखी वळते काय, हे स्वतः पाहून लिहावे. आवाजाकडे मूल वळले नाही तर 'भेद ओळखत नाही' असा शेरा मारू नये. मान वळत नसेल तर 'उत्तर घेता आले नाही' असे लिहावे. मान वळत असून आवाजाकडे वळत नसेल, तर श्रवणतपासणीची शिफारस पालकांस त्याच भेटीत द्यावी आणि ती दिल्याची नोंद ठेवावी.